आप्पांच्या मागून चालताना

माझे जुने स्नेही आप्पा गेल्याचं सांगायला त्यांचा मुलगा आला, तेव्हा मी खोकल्यानं बेजार होऊन पडलो होतो. सकाळी चहा पिता पिता मान टाकली, म्हणाला... महिना झाला त्याला. उभी हयात मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून फिरलेला हा माणूस प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर दौंडच्या घरात एका खुर्चीला जखडला गेला होता. ऑपरेशन चांगलं झालं, पण लघवी धरवेना. उठलं की थेंब, शिंकलं की थेंब. खुर्चीवर रेक्झिन अंथरलेलं, मोरी पाच पावलांवर, समोर खिडकी आणि रूळ. चहा सोडला, पाणी घोटभर. विहारात जाणं बंद केलं; रविवारी तिथली वंदना घरातूनच भोंग्यावर ऐकत नुसते ओठ हलवायचे. मी चिडून म्हणालो, बुद्धाला काय तुमचा लेंगा तपासायचाय? दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, पांढऱ्या कापडात समद्यांदेखत उठायचं असतंय. त्याच्यावर थेंब लपत न्हाई." माझी मलाच लाज वाटली.

पुण्याच्या दवाखान्यातल्या मुलीनं व्यायाम शिकवला होता. पोटातला वारा रोखल्यासारखं खालून आत ओढायचं, दहा मोजायचे, सोडायचं. पण आप्पांच्या हिशोबात दहा आकडे कुठले? खिडकीसमोर मालगाडी आली की इंजिनापासून ओढून धरायचे, ते गार्डाचा डबा जाईपर्यंत. श्वाससुद्धा कोंडून, तोंड लालबुंद. दोन महिन्यांत त्रास कमी व्हायचा तो वाढलाच. आता ह्याच खोलीत शेवट, असं ते शांतपणे बोलायला लागले. त्या शांतपणाचीच मला भीती वाटली. जवळजवळ ओढतच त्यांना परत पुण्याला नेलं. ती मुलगी म्हणाली, काका, श्वास चालू ठेवा, आणि जेवढा वेळ धरलं तेवढाच वेळ सैल सोडा. सोडणं हाही व्यायामच आहे. "जल्मभर गाडी सोडायला झेंडी दावली," परतताना आप्पा म्हणाले, "आन् हितं सोडायचंच इसरलो."

चार महिने दहा-दहा मोजून झाल्यावर बुद्धपौर्णिमेला त्यांनी विहारात जायला पांढरे कपडे अंगात चढवले. आमचं ठरलं होतं, येताना मी मागून चालायचं. लेंग्यावर डाग दिसला तर खोकायचं, म्हणजे ते बोळात वळतील. वंदना संपली, माझ्या गुडघ्यावर हात टेकून ते उठले. सबंध रस्ता त्यांचा कान माझ्याकडं होता. लेंगा कोरडा ठणठणीत. दारात पोचल्यावर विचारलं, "खोकला न्हाई ना आला?" मी नाही म्हणालो. त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला आणि स्वतः कपभर प्यायले. पुढं दर रविवारी ते पुढं आणि मी मागं, असंच चाललं... एकदाही खोकावं लागलं नाही.

अंत्ययात्रेतही मी मागंच होतो. आप्पा पांढऱ्या कपड्यात. बोळाच्या तोंडाशी घशात खोकल्याची जोराची उबळ आली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी ती दाबून धरली.