तात्याचा टेलिफोन

रुळावर राबणाऱ्यांची बोली निराळी. त्यांच्यातला कुणी गाडीखाली गेला तर 'कटला' म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फावडं उचलतात. पण 'डिकॅट' हा शब्द कुणी मोठ्याने काढत नाही. डोळे अधू झाले, कान गेले, रेल्वेच्या डॉक्टरने शेरा मारला, की माणूस डिकॅट. मग रूळ बंद. साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसायचं आणि पाण्याचे ग्लास आत न्यायचे. पगार चालू राहतो, हे खरं. पण ज्याने उभा जन्म खडी ओढली, त्याला ते स्टूल तिरडीसारखं वाटतं.

कोंडिबाला तर वाटायचंच. मूळचा साताऱ्याकडचा, उरण लाईनवरच्या गँगमधला सगळ्यांत जुना, म्हणून सगळ्यांचा तात्या. त्याचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा हौसेराव मुकादमाने त्याच्या हातात शिट्टी आणि झेंडी दिली. गँगची रीतच ती. म्हाताऱ्याला हलकं काम. बाकीच्यांनी वाकून पहार चालवायची, मान वर करायची नाही. गाडी बघायची तात्याने, फुंकायचं तात्याने, मग सगळ्यांनी बाजूला व्हायचं. ऐकण्याचं काम ज्याला ऐकू येत नाही त्याला देणारी ही माया! हिला काय म्हणावं?

तात्याला ऐकू येत नाही, हे ठाऊक सगळ्यांना होतं. तात्याला हाक मारायची तर समोर जाऊन उभं राहावं लागे. तो रुळाला पाय टेकवून उभा राहायचा. गाडी लांब असतानाच तळपायाला थरथर कळायची. या युक्तीला गँगने नाव ठेवलं होतं, 'तात्याचा टेलिफोन'.

"तात्या, टेलिफोन लागला का?" भैरू ओरडून विचारायचा. भैरू तात्याच्याच गावाकडचा, लग्नाला फार दिवस न झालेला.

"लागला तर तुला सांगतो की रं, लेका!" तात्या म्हणायचा आणि सगळे हसायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची; ही मूठ साऱ्या गँगने मिळून झाकली होती.

त्या दुपारी काम खाडीजवळच्या वळणावर होतं. खारफुटीमुळे पुढचं दिसत नव्हतं, वारा उलटा. तात्याचा पाय होता ज्या लाईनवर काम चाललं होतं तिच्या रुळावर. भैरू दुसऱ्या लाईनीत राहिलेली पहार आणायला गेला, आणि गाडी त्याच लाईनीवरून आली. हॉर्न ऐकून बाकीचे ओरडले, पण तोवर गाडी वळणातून बाहेर आली होती. तात्याला कळलं ते समोरच्यांची उघडी तोंडं बघून. त्याने वळून पाहिलं तेव्हा भैरू उरला नव्हता. शिट्टी तात्याच्या छातीवर तशीच लोंबत होती.

संध्याकाळी हौसेरावाने सगळ्यांना गोळा केलं. तात्याच्या अगदी तोंडासमोर येऊन तो म्हणाला, "शिट्टी झाली व्हती. भैरूनं ऐकली न्हाय. सगळ्यांनी ह्येच सांगायचं. न्हायतर तू डिकॅट, माजी मुकादमी गेली, आन् पोरांवर बालंट. गेल्याला काय दुखतंय आता?"

चौकशीला आलेल्या साहेबाने विचारलं, "शिट्टी दिली होती?" तात्याने मान डोलावली. मयताचा निष्काळजीपणा, असं ठरलं. सुंठीवाचून खोकला गेला. तात्याला मात्र त्या दिवसापासून अन्न गोड लागेना.

तेरावं झाल्यावर हौसेराव तात्याला घेऊन भैरूच्या घरी गेला. खारघर गावठाणात भाड्याची खोली. भैरूच्या बायकोने, उन्नतीने, दोघांपुढे चहा ठेवला आणि भिंतीला टेकून बसली. ती हळूच काहीतरी बोलली.

"काय म्हणलीस, पोरी?" तात्याने कानामागे हात धरला.

तिला मोठ्याने सांगावं लागलं. "तात्या, आदल्या रात्री त्यांचा कान ठणकत होता. मी तेल घातलं कानात. त्या तेलानंच शिट्टी ऐकू आली नसंल, व्हय?"

हौसेरावाने चहाचा घोट घेतला. "नशीब असतंय, पोरी," तो म्हणाला.

"नशीब न्हाय. मीच घातलं ना तेल. कुनी सांगितलं व्हतं मला?" ती ढसाढसा रडू लागली.

गाडीखाली भैरूऐवजी आपण का नव्हतो, असं तात्याला वाटलं. हौसेरावाने त्याची मांडी दाबली. तात्याने तो हात बाजूला केला.

"तेलानं न्हाय, पोरी. शिट्टी झालीच न्हाय. भैरूचे कान चांगले व्हते. बहिरा म्या हाय."

उन्नतीचं रडणं थांबलं. ती उठली, तात्यापुढचा भरलेला कप उचलला आणि आत नेऊन मोरीत ओतला.