गिझरचा व्हॉल्व्ह आणि घरचा इंजिनिअर

माझा नवरा रुवैसच्या रिफायनरीत व्हॉल्व्हचा इंजिनिअर. आठवडाभर तिकडे, शुक्रवारी संध्याकाळी शहरात, ऊद मेथाला घरी. गेल्या उन्हाळ्यात सोमवारी आमच्या गिझरचा व्हॉल्व्ह ठिबकायला लागला आणि मी बोलण्याच्या ओघात त्याला फोनवर सांगून बसले. "अजिबात हात लावू नकोस. मी येतोय ना!" म्हणाला.

झालं! उन्हाळ्यात इथं आखातात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चहा टाकावा इतकं तापतं. म्हणून आम्ही गिझर बंद ठेवतो आणि एसीत गार झालेलं त्याच्यातलंच पाणी आंघोळीला घेतो. तेच थेंबथेंब वाया जात होतं आणि साहेब उगवणार शुक्रवारी.

शनिवारी सकाळी सेफ्टी शूज घालून स्वारी बाथरूममध्ये शिरली. दारावर चिठ्ठी, 'काम चालू आहे, आत येऊ नये.' अरे, तीन माणसांचं घर आपलं! मुख्य कॉक बंद करून त्यानं तो तीनदा तपासला. "यल्ला, चल, पाना दे." आधी गिझर रिकामा करायचा असतो, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. म्हटलं जाऊ दे, रिफायनरीला शिकवणारी मी कोण!

नट सुटला आणि गिझरातलं सगळं पाणी साहेबांच्या डोक्यावर. मी पोट धरधरून हसले. लेक धावत आली. "बाबा, यू हॅव टू एम्प्टी इट फर्स्ट! ममा ऑलवेज डझ."

"ऑलवेज?" त्यानं माझ्याकडे पाहिलं.

आता काय लपवणार, कप्पाळ! हा व्हॉल्व्ह मी आधी दोनदा बदलला होता. फ्लश, नळ, वॉशिंग मशीनचा पाइप, सगळं मीच करायचे. त्याच्या डोक्याला ताप नको म्हणून सांगत नव्हते.

तो ओलाचिंब, उपड्या बादलीवर बसला. "तिकडे मी नुसत्या कागदांवर सह्या करतो गं. पाना हातात धरून दहा वर्षं झाली. आणि इथंही माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. एखादी वस्तू तरी बिघडलेली ठेवत जा ना माझ्यासाठी."

माझं हसू कुठल्या कुठे पळालं. फार वाईट वाटलं मला.

पुढच्या मंगळवारी स्वयंपाकघरातला दिवा गेला. नवा दिवा कपाटात होता, स्टूलही हाताशी होतं. शुक्रवारपर्यंत मी मोबाइलच्या उजेडात पोळ्या लाटल्या.