गजभिये मॅडमची तिकिटं

गजभिये मॅडमना कुठलंही काम एकाच माणसाला सांगता येत नसे. मी सिहोऱ्याच्या शाळेत नवीन रुजू झाले, तेव्हा त्या तिथे मुख्याध्यापिका होत्या. सव्वीस जानेवारीसाठी त्यांनी मला माइक आणायला सांगितला. मी तुमसरला गेले, भाड्याचा माइक मांडीवर घेऊन बसमधून परत आले, आणि बघते तर शाळेच्या अंगणात दोन माइक आधीच उभे! एक ग्रामपंचायतीचा, एक बँडवाल्याचा. हातातलं ओझं खाली न ठेवताच मी विचारलं, "मॅडम, मंग मले काहून पाठवलं?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "कोणी आलंच नसतं तं? भाषण का हातवारे करून दिलं असतं?"

त्या दिवशी मला राग आला. पुढे तो सवयीचा झाला. काही वर्षांनी माझी बदली साकोलीला झाली, मॅडमही निवृत्त होऊन साकोलीला राहायला आल्या, आणि माझ्या नशिबाने आमच्याच गल्लीत. ठेंगण्या, जाडसर, सुती पातळ, खांद्यावर पर्स आणि हातात मोबाइल. भंडाऱ्याला जायचं असलं की त्या एसटीची वेळ विचारून ठेवत, जीपवाल्याला सांगून ठेवत, आणि माझ्या नवऱ्यालाही म्हणत, "पराते, सकाळी गाडी काढून ठेवजा." जो पहिला येई त्याच्याबरोबर त्या निघून जात. उरलेले दोघे दारात उभे राहून माझ्यावर ओरडत. त्यांना कुणी काही बोलत नसे. बोललंच तर त्या म्हणत, "एकाच्या भरोशावर मी नाई राहत जी," आणि विषय संपे.

असल्या बाईबरोबर मी श्रीलंकेला का गेले, हे मला आजही कुणी विचारलं तर नीट सांगता येत नाही. कारण होता प्रवीण.

प्रवीण त्यांचा सिहोऱ्याचा विद्यार्थी. वडील लहानपणीच गेलेले. आई पंचफुलाबाई दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवणीला जायची. मॅडमनी त्याला शिकवलं, आपल्या घरी ठेवून दहावीची परीक्षा द्यायला लावली, पुढे पाली शिकायला नागपूरला पाठवलं. तिथे त्याने भिक्खूचं चीवर घेतलं आणि काही वर्षांनी तो श्रीलंकेत अनुराधपुरच्या एका विहारात राहायला गेला. पंचफुलाबाईंनी कधी तक्रार केली नाही. त्या स्वतः वंदना चुकवत नसत, पोरगा भंते झाला याचा त्यांना अभिमानही होता. पण मॅडम भेटायला गेल्या की त्या चहा ठेवत आणि म्हणत, "त्याले शिकवलं तुमी, पाठवलं तुमी. आता पाहून या बी तुमीच."

"फोनवर दिसते ना तुमाले तो," मॅडम म्हणायच्या.

"फोनमधी तो हासते. हासणाऱ्याचं मले काई समजत नाई."

मग एका रविवारी प्रवीणचाच फोन आला. मे महिन्याच्या शेवटी तो दक्षिणेकडच्या एका अरण्यविहारात जाणार होता. तिथे कित्येक महिने फोन नाही, भेट नाही. पंचफुलाबाईंच्या गुडघ्यांना तर अंगणातली पायरीही जड जात होती. मॅडम त्याच संध्याकाळी माझ्याकडे आल्या. "सुषमा, तुया पासपोर्ट आहे ना?"

पासपोर्ट होता. हौसेने काढला होता आणि कपाटात पडला होता. पुण्याच्या त्यांच्या मुलीने टूरबरोबर जा म्हणून परोपरीने सांगितलं. मॅडमना ते पटलं नाही. टूरवाले अनुराधपुरच्या बोधिवृक्षाखाली फोटोपुरते थांबवतात, म्हणाल्या. निघण्याआधी सिहोऱ्याला गेलो तेव्हा पंचफुलाबाईंनी स्टीलचा डबा हातात दिला. त्यात अनारसे होते. चिन्नोर तांदळाचं पीठ, गूळ, वर खसखस. "भंते बारा वाजल्यावर जेवत नाई," त्या मला बजावत होत्या, जणू गाडी मीच चालवणार होते. "त्याच्या आत पोचा. त्याच्या तोंडात एक तरी जाऊ द्या."

कोलंबो ते अनुराधपुर रेल्वेचं तिकीट मी साकोलीतूनच ऑनलाइन एजन्सीवर काढलं. तिथली तऱ्हा अशी, की एजन्सी आधी पैसे घेते, मग तिचा माणूस जाऊन खरं तिकीट काढतो, आणि ते कागदी तिकीट आपण कोलंबोत तिच्या कचेरीतून उचलायचं. प्रवीण ज्या दुपारी निघणार होता त्याच दिवसाची सकाळची गाडी मिळाली, दोन जागा. मी सुटकेचा श्वास सोडला. नागपूरच्या विमानतळावर, सामान देऊन झाल्यावर, मॅडम हळूच म्हणाल्या, "मी बी एक काढून ठेवलं. दुसऱ्या एजन्सीवर."

"तीच गाडी?"

"हो ना. तुयी एजन्सी पळून गेली तं?"

मी पर्स आवरून रांगेकडे वळले. तिथेच बोलायला हवं होतं. कारण कोलंबोच्या खोलीत पाय टेकतात न टेकतात तोच त्यांनी तिसरी एजन्सी उघडली. पैसे भरायची वेळ आली तेव्हा ओटीपी येईना. मी म्हटलं, "तुमचं सिम इथं चालू आहे का?" तेव्हा कळलं, की त्यांचा बँकेचा नंबर ज्या फोनमध्ये आहे तो फोन त्या हरवू नये म्हणून साकोलीला शेजारच्या रंगारी काकांकडे ठेवून आल्या आहेत.

मग रंगारी काकांना व्हॉट्सअॅपवर फोन झाला. काका आधी चष्मा शोधायला गेले. मग मेसेज वाचायला लागले, तोही अगदी वरपासून. "प्रिय ग्राहक…"

"काका, नुसता नंबर सांगा जी!"

"सांगून राहिलो ना. खाली लिहिलं आहे, हा नंबर कोणालेच सांगू नये. सांगू का?"

"सांगा!"

तोवर ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवला. काकांनी पुन्हा पहिलाच वाचला. मी उशी तोंडावर घेऊन पडून राहिले. बऱ्याच खटपटीनंतर मॅडम टाळी वाजवून म्हणाल्या, "झालं!" त्या आनंदाने मला जास्तच चीड आली.

दुसरा दिवस तिकिटं गोळा करण्यात गेला. माझ्या एजन्सीची कचेरी दुसरीकडे हलली होती आणि वेबसाइटला त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या एजन्सीने तिकीट आमच्या गेस्टहाऊसवर पाठवलं होतं, म्हणजे त्याच नावाच्या, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या गेस्टहाऊसवर. तिसरीचं तिकीट फोनवर आलं, पण त्याच्यावर छापील प्रत लागेल असं लिहिलं होतं, म्हणून झेरॉक्सचं दुकान शोधणं आलं. मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला तो रिक्षातून, एका बाजूने, मॅडमच्या खांद्यावरून. थांबू या म्हटलं तर म्हणाल्या, "समुद्र कोठी जाते? कचेरी बंद होईन."

संध्याकाळी पलंगावर तिन्ही तिकिटं मांडून त्या समाधानाने बघत बसल्या. मी म्हटलं, "मॅडम, आपण दोघी जणी. सहा सीटा. आता काय आडव्या पडून जायचं?"

"पडू की. पायाले आराम."

सकाळी आम्ही स्टेशनवर पोचलो तेव्हा फलाट रिकामाच वाटला. खिडकीतल्या तरुण कारकुनाने माझं तिकीट पाहिलं आणि मऊ आवाजात इंग्रजीत सांगितलं, की रुळांचं काम निघालंय, ही गाडी आज सुटणार नाही. मॅडमनी मला बाजूला सारलं आणि खिडकीतून दुसऱ्या एजन्सीचं तिकीट आत सरकवलं. त्याने मान हलवली. मग त्यांनी तिसरं सरकवलं. त्याने तिन्ही शेजारी शेजारी ठेवली, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, सेम ट्रेन."

माझा बांध फुटला. चार माणसं वळून बघत होती, पण मला थांबता येईना. "तीन एजन्स्या! सारा दिवस उन्हात फिरवलं मले! रंगारी काकाले बी कामाले लावलं! आन् तिघींची गाडी एकच! एक तिकीट दुसऱ्या गाडीचं काढा, एवढं बी नाई सुचलं तुमाले?" त्यातलं पहिलं तिकीट मीच काढलं होतं आणि मलाही ते सुचलं नव्हतं, पण त्या वेळी ते कुणाच्या लक्षात यायचं होतं?

मला वाटलं, त्या नेहमीसारखं काहीतरी उत्तर देतील. त्या बाकावर बसल्या. डबा मांडीवर घेतला. "माह्या डोक्यातच नाई आलं वं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "पंचफुलाले काय सांगू मी?"

इतक्या वर्षांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं. रागाचं काय करावं ते मला कळेना. मी त्यांची पिशवी उचलली. "उठा. बस असनच कोठीतरी."

बसस्थानक जवळच होतं. बस खच्चून भरलेली, गाणी कर्कश. एका बाईने उठून मॅडमना जागा दिली, मी दांडी धरून उभी. शहर संपल्यावर बाहेर भाताच्या बांध्या आणि तळी दिसू लागली. अगदी आपल्या बोडीसारखी तळी, काठाला बगळे. एरवी मॅडमनी मला प्रत्येक गोष्ट बोटाने दाखवली असती. त्या फक्त घड्याळ बघत होत्या. वाटेत फोन वाजला. एका एजन्सीचा मेसेज होता, आमची गाडी वेळेवर सुटली असून आम्हाला सुखाच्या प्रवासाच्या शुभेच्छा. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही हसले नाही.

बारा वाजले तेव्हा आम्ही अजून रस्त्यावरच होतो. प्रवीणचा फोन आला. "सावकाश या मॅडम. माही गाडी दुपारनंतर आहे. मी बसस्टँडवरच थांबतो."

तो स्टँडच्या एका बाजूला सावलीत उभा होता. मुंडण, चीवर, खांद्याला झोळी. उंच झाला होता आणि गालफडं बसली होती. मॅडम बसमधून उतरल्या त्या जवळजवळ धावतच गेल्या आणि त्याच्यासमोर पोचल्यावर एकदम थबकल्या. त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला त्यांचा हात उठला होता. तो त्यांनी मागे घेतला, पदर सावरला, आणि तिथे त्या धुळीत गुडघे टेकून आपल्या विद्यार्थ्याला वंदन केलं. प्रवीण ताठ उभा होता, पण झोळीचा बंद त्याने मुठीत घट्ट धरला होता.

"जेवतोस का रे?" मॅडमनी विचारलं, आणि लगेच जीभ चावली. "जेवता का, भंते?"

"जेवतो जी. एकाच वेळेस. पण पोटभर." मग तो खाली बघून म्हणाला, "माय कशी आहे?"

मॅडमनी सगळं सांगितलं. गुडघे, घराची कौलं, शेजारी कोण वारलं ते. मग त्यांनी डबा पुढे केला आणि झाकण उघडलं. गुळाचा, तुपाचा वास आला. प्रवीण थोडा वाकला. डब्याला हात लावला नाही. कितीतरी वेळ तसाच वाकून राहिला.

"आता मले चालत नाई, मॅडम. आन् उद्यासाठी ठेवता बी येत नाई."

"माहीत आहे, भंते. चूक माही आहे."

"तुमी खा," तो म्हणाला. "माह्यासमोर खा. मले पाहू द्या."

तेव्हा आम्ही दोघींनी बसस्टँडच्या कट्ट्यावर बसून पंचफुलाबाईंचे अनारसे खाल्ले. तो समोर उभा राहून बघत होता. मी एकच खाल्ला. मॅडम मात्र एकेक अनारसा नीट, सावकाश, अगदी खसखससुद्धा न सांडता खात होत्या, आणि मध्येच सांगत होत्या, "जाळी छान पडली आहे. गूळ थोडा जास्त झाला." तो मान हलवत होता. त्याची बस आली तेव्हा तो चढला आणि खिडकीशी बसला. हसला नाही. बस वळेपर्यंत आमच्याकडे बघत राहिला.

त्यानंतर मॅडम दोन दिवस बोधिवृक्षाखाली बसल्या. परतीचं तिकीट त्यांनी मला काढू दिलं. मी बसचंच काढलं.

साकोलीला पोचल्यावर पिशवीही न सोडता आम्ही सिहोऱ्याला गेलो. बसमध्ये मी त्यांना समजावत होते, की त्याने अनारसा खाल्ला म्हणून सांगा, त्याला कोण विचारायला जाणार आहे? त्या ऐकत होत्या, म्हणून मला वाटलं पटलं. पंचफुलाबाई दारातच बसल्या होत्या.

मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या. "बारीक झाला आहे तो," त्या म्हणाल्या. "पण डोळे चांगले आहेत. झोप पुरी होत असन. आमाले उशीर झाला, माह्यामुळं. त्यानं अनारसा नाई खाल्ला. वास घेतला. मंग आमाले खायले लावलं आन् पाहत राहिला."

पंचफुलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मॅडम उठल्या नाहीत. ऊन ओसरीवरून सरकलं तरी दोघी तशाच बसून होत्या. निघताना पंचफुलाबाईंनी विचारलं, "गूळ जास्त झाला होता का?"

"थोडा," मॅडम म्हणाल्या.

परत येताना मी चिडले होते. "खोटं बोलल्या असत्या तं काय बिघडलं असतं? म्हातारीले रडवलं फुकटचं."

"तिनं मले पाहाले पाठवलं होतं, सुषमा," त्या म्हणाल्या. "समजूत काढाले नाई."

मग त्या खिडकीवर डोकं टेकून झोपून गेल्या.

गेल्या वर्षी मॅडम पुण्याला मुलीकडे राहायला गेल्या. गल्ली शांत झाली. जीपवाला अजून मला विचारतो, मॅडम कधी येणार, आणि विचारताना तो वैतागलेला आहे की त्याला आठवण येते, ते मला ओळखू येत नाही. प्रवीण आता अरण्यातून परत आला आहे. महिन्यातून एकदा त्याचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा फोन धरायला मी सिहोऱ्याला जाते. कॉल संपला की पंचफुलाबाई फोनच्या काळ्या काचेकडे बघत राहतात, आणि मग माझ्याकडे.

परवा म्हणाल्या, "तुले कसा दिसला, बाई?"

तोंडावर आलेलं चांगलं वाक्य मी गिळलं. "थकलेला दिसला," मी म्हटलं. "सर्दी झाली असन. आवाज बसला होता."

त्यांनी मान डोलावली, भिंतीला धरून उठल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या.