ओटीतला खण

लिहायला बसले खरी, पण हात अडतोय. निजामाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. ज्वारीची पेरणी उरकली की आमचे सासरे छकडा जुंपायचे आणि टेंभुर्णीहून आम्ही सगळे दोन-चार दिवस अजिंठ्याच्या डोंगरातल्या एका गावी हवा खायला जायचो. शेजारणी म्हणायच्या, "हितं काय हवा न्हाई व्हय?"

पण वर गेलं की जीव हलका व्हायचा बघा. दिवसभर डोंगर हिंडायचा, झाडाखाली बसून सीताफळं खायची, कुणाची बी लांब उडते ते बघायचं. संध्याकाळी तिथल्या बाया फेर धरायच्या, त्यात मीही पदर खोचून शिरायची.

उतरायचो सासऱ्यांच्या ओळखीच्या घरी. तिथली सून माझ्याच वयाची. फेराची गाणी तिनंच मला शिकवली. पहिल्या वर्षी निघताना तिनं माझी ओटी भरली. ज्वारी, सुपारी आणि एक खण. जाडाभरडा होता, मी घडीसुद्धा मोडली नाही. घरी येऊन पेटीत टाकला. खण असे एकीकडून येतात, दुसरीकडं जातात, सगळ्याच बाया तसं करतात.

दुसऱ्या वर्षी तिच्या ओटीसाठी खण काढायला बसले. पेटीत दोन भारी खण होते, ते ठेवले. डोंगरातल्या बाईला भारी कशाला, असं मनात आलं. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. हाताला लागला तो जाडाभरडा उचलला. कुणी दिला होता, तेही आठवलं नाही.

पोचल्या दिवशीच तिची ओटी भरली. तिच्या सासूनं खण घेऊन उलगडला. कोपऱ्यात हिरव्या दोऱ्यानं काढलेली इवलीशी तुळस होती.

"ही तर तुझ्या आईच्या हातची," म्हातारी सुनेला म्हणाली. "घर बराबर हुडकून आली की." मग माझ्याकडं वळली. "मरायच्या आधी काढल्ती तिच्या मायनं. म्या म्हनलं, ठिव एवढा. तर ही म्हनली, मैतरणीलाच द्यायचाय."

"असू द्या आत्याबाई," सून म्हणाली आणि खण घडी करून कमरेला खोचला.

पेटीत सरमिसळ झाली, असं मी काहीबाही बोलले. निवडून दिला होता, ते कोणत्या तोंडानं सांगणार?

"व्हतं आसं, वैनी," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी फेरात ती माझ्या शेजारी न येता समोरच्या बाजूला उभी राहिली.

निघताना तिनं रीत सोडली नाही. पसाभर ज्वारी आणि सुपारी माझ्या पदरात घातली. "कापड न्हाई घातलं वैनी. तुमच्याकडं लई साठलं आसंल." आवाजात राग असता तर मी पाय तरी धरले असते.

पुढच्या वर्षी छकडा जुंपला तेव्हा मी म्हणाले, माझे गुडघे दुखतात, चढण व्हायची नाही. सासूबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. तेव्हा मला विसावं लागलं होतं.