डाव्या पंखाचे टाके

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही—आईला नाही, देवापुढे बसूनही नाही. तुम्हाला सांगते.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. माझे यजमान तिथं नकाशे काढायचे आणि घरी आले की विमानाच्या नादी लागायचे. इंग्लंडातल्या पहिल्यावहिल्या वैमानिकांचं एक पुस्तक त्यांना कुठूनसं मिळालं होतं. ती माणसं कुरणातल्या गायी हाकलून तिथूनच उडायची म्हणे. तेच त्यांचं विमानतळ! पंखांचं कापड बायका शिवत, हे वाचल्यावर तर हे हरखलेच. क्वार्टरच्या अंगणात बांबूचं, बिनइंजिनाचं विमान उभं राहिलं आणि पंख शिवायचं काम माझ्याकडे आलं. मी मन लावून शिवले—हेही खरंच.

मग? मग अख्खा सेक्टर हसायला लागला. नळावर गेले की बाया विचारायच्या, "काहो बाई, कधी उडून राहिले तुमचे साहेब?" मीही हसायचे. घरी येऊन जळफळायचे.

नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीपलीकडच्या उतारावरून रविवारी उडायचं ठरलं. आदल्या दुपारी हे ड्युटीवर होते. मी ब्लेड घेतलं आणि डाव्या पंखाचे टाके—एक सोडून एक—कापले.

त्यांच्या जिवाच्या भीतीनं कापले, असं म्हणता आलं असतं. पण तशी भीती असती, तर पंख वर गेल्यावर फाटला तर काय, हे मला सुचलं नसतं का? नाही सुचलं. मला फक्त ते हसणं थांबवायचं होतं.

उतारावरून धावतानाच, जमिनीवरच, कापड टरकन फाटलं. बघायला आलेले लोक पोट धरून हसले. हे मात्र माझ्याकडे वळून म्हणाले, "तुहे टाके पक्के होते व. माहीच चौकट वाकडी झाली."

त्यांनी पुन्हा बांबूला हात लावला नाही. आपल्या हाताला यश नाही, म्हणायचे. साधं स्टूल मोडलं तरी सुतार बोलवायचे.

मागच्या वर्षी ते गेले. नातवंडांना ही गोष्ट रंगवून सांगायचे आणि शेवटी न चुकता म्हणायचे, "विमान माह्या हातानं बिघडलं. तुमच्या आजीच्या शिवणात खोट नव्हती."

मी शेजारीच भाजी निवडत बसलेली असायचे. एकदाही मान वर केली नाही.