कावड आणि बिननावाचं तळं

देव आहे की नाही, या वादात मी कधी पडलो नाही. अकोल्याच्या जुन्या शहरात वाढलेल्या माणसाला तो वाद परवडतही नाही, कारण राजराजेश्वराच्या घंटा ऐकतच तो अंथरुणातून उठतो. माझी शंका वेगळी होती. देव असेल, पण तो आपापल्या गावापुरता असावा, असं मला परदेशात गेल्यावर वाटू लागलं. कॅनडाच्या उत्तरेला, जिथे नजर जाईल तिथवर डोंगर, बर्फ आणि काळपट झाडं, तिथे त्याला कोण हाक मारणार आणि तो तरी एवढ्या थंडीत कशाला येणार? मी तिथे छोटं विमान उडवत होतो. विमान चालवायला शिकलो तिकडेच, आणि मोठ्या कंपन्या अनुभव मागतात म्हणून अनुभव मिळवायला तिथेच राहिलो. तिकडच्या डोंगरांतल्या वस्त्यांना रस्ते नाहीत. पीठ, साखर, औषधं, टपाल, माणसं, सगळं अशाच विमानांतून जातं. उन्हाळ्यात आमच्या विमानांना चाकांऐवजी दोन लांबट फ्लोट लावलेले असत, होडीसारखे, आणि आम्ही तळ्यांवर उतरायचो.

लोकांना वाटतं वैमानिकाचं आयुष्य म्हणजे ऐट. माझी सकाळ फ्लोटमध्ये रात्रभर झिरपलेलं पाणी हातपंपाने उपसण्यात जायची. ऑगस्टमध्येच पहाटे पंखांवर दहिवर गोठलेलं असायचं. ते मऊ झाडूने खरवडायचं, इंधनात पाणी उतरलं नाही ना हे पाहायचं, पोती वजन करून नीट लावायची, आणि मग आभाळाकडे बघत उभं राहायचं. या शेवटच्या कामाला मला सगळ्यात जास्त वेळ लागायचा. खरं सांगतो, मला भीती वाटायची. रोज वाटायची. ती घेऊनच मी इंजिन चालू करायचो, आणि दिवसातलं शेवटचं उतरणं झालं की ती ओसरायची. मग मी आईला एकच शब्द पाठवायचो, 'उतरलो'. तिकडची माझी संध्याकाळ म्हणजे अकोल्यातली दुसऱ्या दिवसाची पहाट. आई तो शब्द वाचल्याशिवाय चहा टाकायची नाही. मोबाइलवर तिने माझ्या तिकडच्या गावचं हवामान लावून ठेवलं होतं, आणि मी उठायच्या आत तिला तिथला पाऊस ठाऊक असायचा.

"आज ढग दाखवून रायला तठी," ती म्हणायची. "कावून जातं बाप्पा? सुट्टी मांग ना."

"आई, ढग पाहून सुट्टी घेतली तर वर्षभर घरीच बसावं लागेल."

"मंग बस. मी काय जेवाले नाई घालणार काय तुले?"

अकोल्यात श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी कावड निघते. आमच्या गल्लीतली पोरं पूर्णा नदीचं पाणी आणायला गांधीग्रामला जातात, पाण्याने भरलेली भांडी लाकडी कावडीवर बांधतात आणि अनवाणी चालत ते पाणी राजराजेश्वराच्या महादेवाला आणून वाहतात. मीही विमान शिकायला जाईपर्यंत दरवर्षी खांदा दिला. कावडीचा एकच कडक नियम, तो आमच्या अंगात भिनलेला: एकदा उचलली की ती वाटेत जमिनीला टेकवायची नाही. पाय फुटोत, खांदा सोलून निघो, ती महादेवापाशीच उतरायची. गल्लीतले शामराव काका कावडीच्या पुढे चालायचे. पहिल्या वर्षी माझा खांदा बधिर झाला तरी मी तो सोडेना. मागचा गडी बदलायला आला, तर मी कावड आणखीच घट्ट धरली, ती कलली आणि पाणी सांडलं. काका हसले. म्हणाले, "अबे, तू सोडशीन तवा तो धरीन ना!" बाकीची पोरं पुढे वर्षभर मला त्यावरून चिडवत होती. मी मात्र कावडीचा तो एक नियम तेवढा लक्षात ठेवला. उचललेलं मध्येच खाली ठेवायचं नाही. आमच्याकडचे बरेच जण असेच असतात, आणि जमिनीवर असेपर्यंत त्याने फारसं बिघडत नाही.

त्या वर्षीचा तो सोमवार उजाडायचा होता. माझ्याकडे अजून रविवारची दुपार उलटत होती. आईने आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "उद्या पहाटे तुया भाऊ कावडीले खांदा देऊन रायला. मी देवळापाशी उभी रायतो. तुयं उतरलो आलं की मले बरं वाटीन." मला त्या दिवशी शेवटची एकच फेरी होती. वस्तीवर न्यायची किराण्याची पोती, आणि शेजारच्या सीटवर एक म्हातारी बाई. तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर पांढरी पट्टी, मांडीवर कापडी पिशवी. घरी नातीचा वाढदिवस होता आणि त्याला आपण पोहोचणारच, असं ती विमानात बसताना दोनदा म्हणाली, आणि मीही पोचवतो म्हणालो. हवामान फार चांगलं नव्हतं, पण अगदी वाईटही नव्हतं. असल्याच दिवसांत माणसं फसतात.

डोंगरांच्या दोन रांगांमधून एक खिंड होती, ती ओलांडली की वस्ती. अर्ध्या वाटेवर ढग खाली आले. मी विमान खाली घेतलं. ढग आणखी खाली आले. पाऊस होता, त्याचं बर्फाळ चिखलासारखं काहीतरी झालं आणि समोरच्या काचेवर साचू लागलं. शेजारच्या खिडकीतून पाहिलं, तर पंखाला आधार देणाऱ्या दांड्यावर पांढरा थर चढत होता. पंखांवर बर्फ चढलं की विमान जड होतं, आणि जड झालेलं छोटं विमान उडायचं विसरतं. मला हे सगळं पाठ होतं. तेव्हाच मागे वळायला हवं होतं. पण म्हातारीला शब्द दिला होता, पोती वस्तीवर लागणार होती, खिंड फार लांब नव्हती, आणि निघालोय तर पोचवलंच पाहिजे ही जुनी खोड मानगुटीवर बसली होती. मी पुढे जात राहिलो. खिंडीचं तोंड दिसलं तेव्हा ते भिंतीसारखं पांढरं होतं. तिथे खिंड नव्हतीच, नुसता ढग होता.

मग मी वळलो. अरुंद दरीत, डोंगराच्या एका बाजूला चिकटून वळलो. पण मागची वाटही मिटली होती. रेडिओवर बोललो, त्या डोंगरांत कुणाला ऐकू गेलं नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, आई देवळापाशी उभी असेल आणि मोबाइल हातात धरून असेल. माझ्या मरणापेक्षा तिचं ते वाट पाहणंच मला सहन होईना. म्हातारीने विचारलं, "परत चाललो का आपण?" मी हो म्हटलं. "बरं," ती म्हणाली, आणि पिशवीतून पेपरमिंटची गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवली.

डावीकडे एक बाजूची दरी उघडी दिसली, आणि तिच्या तळाशी पाणी. नकाशावर त्या तळ्याला नाव नव्हतं. उतरायला जागा मिळाली म्हणून एक क्षण जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी पुन्हा घाबरलो, कारण तळं आरशासारखं होतं. ज्याने कधी पाण्यावर विमान उतरवलं नाही त्याला हे चमत्कारिक वाटेल, पण शांत पाणी आमचं वैरी असतं. त्यात डोंगर आणि ढग जसेच्या तसे दिसतात, आणि पाणी नेमकं किती खाली आहे तेच कळत नाही. वर आहोत असं वाटताना विमान पाण्यात घुसतं, किंवा टेकलो असं वाटताना ते उंचावरून आदळतं. अशा वेळी काठाच्या झाडांकडे बघत हळूहळू उतरतात, पण माझी समोरची काच बर्फाने भरलेली, काठ दिसत होता तो बाजूच्या खिडकीतून, तुकड्यातुकड्याने. पहिल्या प्रयत्नात मला वाटलं टेकणार, आणि विमान एकदम खाली बसलं. पाणी अजून बरंच खाली होतं. कसंबसं इंजिन वाढवून वर काढलं. त्या जड विमानाला आणखी एकदा वर काढता येईल, असं मला वाटलं नाही.

दुसऱ्यांदा वळत असताना मी प्रार्थना केली नाही. मला कुठलंही स्तोत्र आठवलं नाही, त्याबद्दल अजूनही थोडी लाज वाटते. आठवले शामराव काका, त्यांचं हसणं आणि ते वाक्य. आणि मला माझ्या मुठी दिसल्या. सुकाणूची दांडी मी इतकी आवळली होती की बोटं पांढरी पडली होती. मी मनात म्हणालो, मला येतं तेवढं मी करतो, पुढचं माझ्याच्यानं होत नाही, तू धर. कुणाला म्हणालो ते नक्की सांगता येत नाही. बोटं सैल झाली. श्वास आला. आणि तळ्याकडे पाहिलं तर त्या आरशावर एक काळी रेघ उठत होती.

एक होडी. छोटी, मोटरची. ती काठापासून निघाली, तळ्याच्या मध्यापर्यंत गेली, वळली, परत आली, पुन्हा वळली. तिच्या मागे लाटा पसरत गेल्या, आणि जिथे लाटा पसरल्या तिथे पाणी पाण्यासारखं दिसू लागलं. किती खाली आहे ते दिसू लागलं. बाजूच्या खिडकीतून मी त्या लाटा धरून उतरलो. फ्लोट टेकले, धक्का बसला, एक उडी, दुसरी उडी, मग पाण्यावरून ते ओळखीचं घसरत जाणं. विमान थांबल्यावर मी रडलो. म्हातारीने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पट्टी नसलेल्या डोळ्याने बाहेर पाहत राहिली.

होडीवाला दाढी वाढलेला कोळी होता. काठावर त्याची एकच लाकडी झोपडी. मी त्याच्या हाताला धरून आभार मानू लागलो, तर तो गोंधळला. होडीच्या मोटरने दोन दिवस त्याला छळलं होतं, म्हणून तो अजून तिथेच अडकला होता, नाहीतर केव्हाच निघून गेला असता. त्या संध्याकाळी शिव्या देत पुन्हा दोरी ओढली आणि ती एकदम चालू झाली. बंद पडू नये म्हणून तो तिला तळ्यावर नुसता पळवत होता. "तुमचं विमान मी पाण्यावर आल्यावरच पाहिलं," तो म्हणाला. "मोटरच्या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं." मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याने ऐकलं, डोकं खाजवलं, आणि चहासाठी आधण ठेवलं. आभार घ्यायला तो काही केल्या तयार होईना.

उपग्रहावरून संदेश पाठवायचं छोटं यंत्र विमानात होतं. कचेरीला कळवलं आणि मग आईला पाठवलं, उतरलो. ढगांमुळे तो संदेश कितीतरी वेळ अडकून राहिला, तेवढा वेळ मी यंत्राच्या लुकलुकत्या दिव्याकडे बघत बसलो. दुसऱ्या दिवशी आभाळ मोकळं झालं आणि म्हातारीला तिच्या घरी सोडलं. नात काठावर उभी होती. वाढदिवस त्यांनी एक दिवस पुढे ढकलला होता, एवढंच. ज्यासाठी मी जीव पणाला लावायला निघालो होतो ते इतक्या सहज पुढे ढकलता येत होतं.

आईला सगळं लगेच सांगितलं नाही. दिवाळीत घरी आलो तेव्हा सांगितलं. ती गव्हातले खडे निवडत होती, हात न थांबवता ऐकत राहिली. तिने एकच विचारलं, ती वेळ कोणती. मी सांगितली. तिकडच्या-इकडच्या वेळेचा हिशेब करावा लागला नाही, तिला तो पाठ होता. तेव्हा आमची कावड देवळाच्या वाटेला लागली होती.

"तू काय मागितलंस गं तेव्हा?" मी विचारलं.

"काय मांगू? तुयं उतरलो आलं नव्हतं." तिने एक खडा बाजूला टाकला. "घरून नेलेलं तांब्याभर पाणी वाह्यलं आन महादेवाले म्हटलं, आता तुयं तू पाय. माह्याच्यानं होत नाई."

डोंगरांत मी जे म्हणालो होतो ते मी तिला अजून सांगितलेलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही, नुसता तिच्या सुपातले खडे निवडू लागलो.

आता मी परत आलोय. अमरावतीजवळच्या विमानतळावर नव्या मुलांना उडायला शिकवतो. वाटेतूनच मागे वळून परत येणं त्यांना कमीपणाचं वाटतं, आणि मी त्यांना पहिल्याच दिवशी ते करायला लावतो. भीती गेली असं म्हणणार नाही. ती आजही पहाटे माझ्याबरोबर उठते, फक्त आता तिच्याशी एकट्याने भांडत बसत नाही. गेल्या श्रावणात खूप वर्षांनी कावडीला खांदा दिला. शामराव काका थकलेत, ते कोपऱ्यावर खुर्चीत बसून होते. मागून कुणीतरी पुढे सरकलं, माझ्या खांद्याला खांदा लावला आणि मी लगेच सोडलं. कावड जराही हलली नाही. कोण होतं ते मी मागे वळून पाहिलंच नाही.

गाभाऱ्यात पूर्णेचं पाणी वाहताना मी एक तांब्या आईच्या नावाने वाहिला. दुसरा भरला, तेव्हा आईने विचारलं, "हा कोनाचा?"

"एका मोटरचा," मी म्हणालो.

तिने मला वेड्यात काढलं नाही. तांब्याला तिनेही हात लावला आणि आम्ही दोघांनी मिळून तो वाहिला.