बानाबाईनं सोडलेलं मीठ

शुद्धीवर आल्यावर बानाबाईनं तोंड उघडलं ते नवऱ्यावर खेकसायलाच. "मेंढरं कोनाच्या भरवशावर टाकली?" ते ऐकून बिरूला रडूच फुटलं. बायकोचं खेकसणं इतकं गोड लागेल, असं त्याला जन्मात वाटलं नव्हतं.

बिरूची उभी हयात मेंढरांमागं गेलेली. पाचोडपासून बिडकीनपर्यंत कोणत्या विहिरीला पाणी आहे आणि कोणता शेतवाला अंगावर कुत्रं सोडतो, सगळं तोंडपाठ. सून शालूचे दिवस भरत आले, तशी बानाबाई बिरोबाला नवस बोलली की पोरीची सुखरूप सुटका होईस्तोवर मीठ खाणार नाही. झालं, नऊ दिवस अळणी भाकरी आणि अळणी पिठलं. वर मे महिन्याचं ऊन, अन् दिवसभर कळपामागं पायपीट. अंगावरून घामाच्या धारा.

बिरूला बिचाऱ्याला काळजी. घटकाघटकानं कॅन पुढं करायचा, "पी, उन्हात पानी लई पाहिजे." ती मुकाट प्यायची. काल दुपारी तिच्या हातात बांगड्या रुतायला लागल्या, डोकं ठणकलं, ओकारी झाली. ऊन लागलं म्हणून यानं आणखी दोन तांबे पाजले. मग तिनं त्यालाच विचारलं, "पावनं, कोन गावचे तुमी?" आणि तिचे हातपाय ताठले. मुलगा राम तिला टेम्पोत घालून थेट शहरातल्या दवाखान्यात घेऊन आला.

डॉक्टर सोनियाबाईंनी रामकडून सगळं ऐकून घेतलं. "घामातून मीठ गेलं, जेवणात नाही, आणि वरून नुसतं पाणी. रक्तातलं मीठ फार उतरलंय. आता एक घोटही पाजू नका." बिरूनं हातातला कॅन बाजूला सारला. मेंढरांना आठवणीनं मीठ चाटवणारा माणूस, आणि बायकोला मायेनं पाजलेलं पाणीच जिवावर उठलं होतं.

आज हाताला लावलेल्या सलाईनच्या बाटलीकडं बघत बानाबाईनं विचारलं, "यात मीठ हाय?"

"हाय."

"मंग नवस मोडला की. शालूचं कसं व्हायचं?" तिचे डोळे भरून आले.

"नाय मोडला. सकाळीच देवाला सांगितलं, हिचं मीठ हिला दे अन् माझी तंबाखू घे. चंची फेकून आलो."

बानाबाईनं डोळे पुसले. "तीस वर्सं भांडले मी त्या तंबाखूपायी. खरंच सोडली?"

बिरूनं मान डोलावली. मग तिनं सोनियाबाईंना हाक मारली आणि जेवायला काही खारट मिळेल का, ते विचारलं.